उजवीकडचं दार

गुरुवार. दिवाळी होऊन आठवडा झालेला. कंपनीला साप्ताहिक सुट्टी. ठिकाण शिरूर, गाड्यांचं शोरूम.

हजर: मी, माझे धाकटे दीर, शोरूमचा सेल्समन. गैरहजर: माझे मालक, म्हणजे दिरांचे थोरले भाऊ. गाडी त्यांच्यासाठीच घ्यायची होती.

मी रांजणगावच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. बैठक झाली की आधी वार, मग हजर कोण, मग विषय, ही सवय तिथली. घरातल्या गोष्टीही मी तशाच लिहिते. त्या दिवशीचा विषय एका ओळीत मावणारा होता: मालक स्वतःच्या बळावर ज्यात बसतील अशी गाडी.

श्रावणात त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली. हात पूर्ण, पाय अर्धा. बोलणं जड झालं, पण राहिलं. पुण्याहून घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, पायाला व्यायाम लगेच हवा आणि खंड न पाडता हवा. पहिल्या काही महिन्यांत जे परत येईल ते येईल, पुढे पाय आखडत जातो, मग फारसं काही करता येत नाही. आमच्या न्हावऱ्यात असा व्यायाम करून घेणारं कोणी नाही. शिरूरला आहे, पण पहिल्या मजल्यावर, आणि जिना असा की धडधाकट माणूसही कठडा धरून चढतो. घरी यायला कोणी तयार झालं नाही. दौंडला एक केंद्र मिळालं. तळमजला, धरून चालायचे दांडे, भिंतीला आरसा, सगळं व्यवस्थित. आठवड्यातून तीनदा न्यायचं, भीमेचा पूल ओलांडून, चौफुल्यावरून.

पहिल्या खेपेला गावातली भाड्याची गाडी केली. ती मोठी, आमच्या गल्लीत वळत नाही, म्हणून मालकांना चाकाच्या खुर्चीतून चौकात नेलं. गाडीची पायरी उंच, पाय वर जाईना. चौघांनी उचललं, दोघांनी काखेत, दोघांनी पायाला. ज्या चौकात हे झालं तिथेच मालकांची वडापची जीप उभी असायची. शिरूरच्या फेऱ्या, तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजाराला जादा फेऱ्या. "सरकून बसा, अजून एक बसतंय" हे त्यांचं वाक्य सगळ्या पंचक्रोशीला पाठ होतं. त्यांना आत ठेवताना पायजमा खाली सरकला, आणि चहाच्या टपरीवरून कोणीतरी ओरडलं, "दादा, सरकून बसा!"

वाईट हेतू नव्हता. सगळे हसले, मालकही हसले. दौंडहून परत आल्यावर खाटेवर टेकले आणि म्हणाले, "मला पोतं करू नका. माझं मी बसंन अशी गाडी आणा, मग येतो. न्हाईतर हाय हितंच."

त्यानंतर ते कोणाचं ऐकले नाहीत. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, स्वतःची शपथ घातली, तरी नाही.

म्हणून गाडी. जीप विकली, माझा बोनस घातला, उरलेलं कर्ज. तेवढ्या पैशांत बसेल अशी छोटी, चार मीटरच्या आतली. तिच्यावर कर कमी आणि आमच्या गल्लीतही ती वळते. शोरूमला फोन केल्यावर सेल्समन म्हणाला, "मॅडम, येताय कशाला? टेस्ट ड्राइव्हला गाडी घरी घेऊन येतो. पेशंटलाच बसवून बघा."

हे मी घरी सांगितलं आणि तिघांनी तीन बाजूंनी उडवून लावलं.

"दारात आणायची न्हाई," मालक म्हणाले.

"वहिनी, शोरूमचं नाव लावलेली गाडी दारात आली आन् तशीच माघारी गेली, म्हंजी गाव काय म्हणंल?" दीर म्हणाले. मी त्यांना भाऊजी म्हणते. "कर्ज नामंजूर झालं म्हणतील. आन् तुम्ही तीन गाड्या बघायच्या म्हणताय. तीन येऊन तीन गेल्या, तर मला सोसायटीत तोंड दाखवायला जागा न्हाई."

"दारात आलेलं वाहन नारळ फोडल्याबिगर जाऊ द्यायचं व्हय?" आत्याबाईंनी विचारलं. "लक्ष्मी असती ती. पाव्हणी न्हाई, चहा पिऊन जायला."

मालक शोरूममध्ये येतील का, हा प्रश्न मी विचारलासुद्धा नाही. शिरूरच्या रस्त्यावर त्यांना ओळखत नाही असा माणूस सापडणं अवघड.

मग ठरलं की मालकांच्या जागी भाऊजींनी बसून बघायचं. दोघांची उंची एक, बांधा एक. पाठमोरे असले तर मलाही पटकन ओळखू येत नाहीत. ही कल्पना भाऊजींची, पण मी ती नीट बसवली. कारखान्यात आम्ही प्रत्येक नग मोजत बसत नाही, गेज लावतो. गेजमध्ये बसला तर पास, नाही तर परत. ओट्यावर एक लोखंडी खुर्ची आहे, तिच्यावरून मालक कोणाच्या मदतीशिवाय उठतात. तिच्या उंचीची काठी मी कापून घेतली. सीट काठीएवढी हवी. वर असेल तर पाय अधांतरी राहतो, खाली असेल तर उठता येत नाही.

तर, शिरूर.

"या सर, या मॅडम," सेल्समन म्हणाला. "फॅमिलीसाठी बघताय ना?"

"आधी पाय बांधायला जागा दावा," भाऊजी म्हणाले.

त्यांनी तिथल्या सोफ्यावर बसून उजव्या गुडघ्यामागे लाकडी पट्टी ठेवली, वरून उपरणं गुंडाळलं आणि गाठ मारली. सेल्समन बघत राहिला.

"सर, ॲक्सिडेंट झालाय का?"

"अजून न्हाई. गाडी घेतल्यावर."

पहिली गाडी उंच होती. आखूडच, पण पुढून बघितली तर आमदाराच्या गाडीची धाकटी बहीण वाटावी. भाऊजींचा जीव तिच्यावर बसला. तिचा कुठला तरी भाग आमच्याच औद्योगिक वसाहतीत बनतो हे त्यांनी कुठूनतरी ऐकलं होतं. तेवढ्यावर ते तिला माहेरची म्हणायला लागले. "वहिनी, ही गावात दिसंल तरी. खड्डं बी लागायचं न्हाईत." मी काठी लावली. सीट चांगली चार बोटं वर. भाऊजींनी ताठ पायाने उडी मारून बघितली आणि दारात अडकले.

"नापास," मी म्हणाले.

"उतरू तरी द्या, मग नापास करा."

दुसरी लांबट, मागे वेगळी डिकी बाहेर आलेली. सेल्समन तिच्याबद्दल भरभरून बोलला. मायलेज, सुटे भाग स्वस्त, कोणत्याही गावात दुरुस्त होते. "सीएनजीत घ्या मॅडम, सगळे तीच नेतात. पुण्यात निम्म्या टॅक्स्या हीच गाडी."

"टॅक्सी," भाऊजी माझ्याकडे बघून म्हणाले. "दादांची जीप इकून टॅक्सी घ्यायची."

सीएनजीचं जमणारच नव्हतं. टाकी डिकीत असते, मग चाकाची खुर्ची कुठे ठेवायची? पेट्रोलवर तीच गाडी बघितली. पुढची सीट काठीपेक्षा खाली. सेल्समनने मागचं दार उघडून दाखवलं. ते जवळजवळ सरळ कोनात उघडलं, कपाटाच्या दारासारखं. "हे बघा मॅडम, ह्या किमतीत एवढं मोठं मागचं दार कोणी देत नाही."

मागचं दार मी मोजलं नाही. ज्या माणसाने सगळा जन्म गाडीत पुढे बसून काढला, तो मागे बसेल हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्या कागदावर त्या रकान्यात "लागू नाही" असं लिहिलेलं आहे.

तिसरी बघायला पुढच्या गुरुवारी दौंडला गेलो, भाऊजींच्या मोटारसायकलवर, काठी माझ्या मांडीवर आडवी. ही गाडी उभट, आगपेटी उभी करून ठेवावी तशी. टप उंच, बसायची जागा खुर्चीसारखी. काठी लावली आणि सीटची कड बरोबर खुणेवर आली. पुढचं दार रुंद. घडी घातलेल्या चाकाच्या खुर्चीचं माप डिकीत बसलं. भाऊजींनी पाय बांधला, सीटकडे पाठ केली, उघड्या दाराला धरलं, टेकले, वळले, ताठ पाय आत ओढून घेतला. पुन्हा उतरले, पुन्हा बसले.

"वहिनी, ओट्यावर बसल्यागत बसतोय बघा."

"घाई करू नका. सावकाश बसा. ते सावकाश बसणार."

सावकाश बसले. मी प्रत्येक वेळी पायाकडे बघत होते. पाय कुठे घासतो, कुठे अडतो, किती वाकवावा लागतो. कुठेच अडला नाही. किंमत उंच गाडीपेक्षा कमी, डिकीवालीपेक्षा थोडी जास्त. मी तिन्ही गाड्यांचा तक्ता तिथेच पुरा केला आणि तिसरीखाली रेघ मारली. असं एका फटक्यात जमलेलं काम त्या वर्षात तेवढंच होतं, म्हणून मला तो दिवस आनंदाचा म्हणून आठवतो.

तिथून व्यायामाच्या केंद्रात गेलो, मालकांची वेळ राखून ठेवा म्हणायला. तिथल्या बाई एका म्हाताऱ्या गृहस्थांना दांड्यांमधून चालवत होत्या. आमच्याकडे न वळताच त्या म्हणाल्या, "पेशंट कुठे आहेत?"

"गाडी बघतोय," मी म्हणाले. "जमली आज."

"गाडी नंतर बघा हो. माणूस आणा. कसाही आणा."

"कसेही येत नाहीत ते, मॅडम," भाऊजी म्हणाले.

बाईंनी आरशातून आमच्याकडे बघितलं. "सकाळची वेळ ठेवते. पण पाय काही तुमच्या गाडीसाठी थांबत नसतो."

गाडी मिळायला वेळ लागला. आम्ही मागितलेला पांढरा रंग नव्हता. मी कुठलाही चालेल म्हणाले, घरातल्यांनी पांढराच धरला. पांढरा आला तेव्हा आत्याबाईंनी दिवस चांगला नाही म्हणून आठवडा घालवला. त्या दिवसांत मालक मात्र बदलले होते. रोज सकाळी लोखंडी खुर्चीवर उठबस करायचे, स्वतःहून. मी कंपनीची बस पकडायला निघताना ते मोजत असायचे, आणि संध्याकाळी आल्यावर सांगायचे, "आज दोन जास्त केल्या." गाडीच्या दाराचं, सीटचं, डॅशबोर्डचं सगळं माप मी त्यांना तोंडी सांगितलं होतं. डोळे मिटून ते हातवारे करायचे, सीटकडे पाठ, टेकायचं, वळायचं. "बसंल," म्हणायचे. "माझं मी बसंन."

मार्गशीर्षातला गुरुवार. हजर: सगळी गल्ली.

भाऊजींनी गाडी दौंडहून घेतली, वाट वाकडी करून रांजणगावच्या गणपतीला नेऊन आणली आणि दुपारी दारात लावली. हार, कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबं. मालकांची दाढी मी सकाळीच केली होती. पांढरा सदरा, पांढरी टोपी. आमच्याकडे दारात पूजा झाली की नवीन गाडीत आधी घरचा कर्ता बसतो, मग ती घरची होते. नारळ आत्याबाईंनी फोडला. शेजारच्या बायका ताटं घेऊन, जीपवरचे मालकांचे जुने जोडीदार हात मागे बांधून, असे सगळे उभे.

मालक डाव्या हातात चार पायांची काठी घेऊन ओट्यावरून उतरले. कोणी हात द्यायला आलं की मान हलवून लांब करायचे. गाडीपाशी आले. पुढचं डावं दार भाऊजींनी उघडून धरलं. मालकांनी सीटकडे पाठ केली, बरोबर घरी करायचे तशी. काठी माझ्याकडे दिली. आणि धरायला हात पुढे केला.

उघडं दार त्यांच्या उजव्या अंगाला होतं. उजवा हात गळ्यातल्या झोळीत होता.

ते क्षणभर तसेच उभे राहिले. मग डावा हात मागे नेला. डाव्या अंगाला दोन दारांमधला खांब, गुळगुळीत, धरायला काही नाही. फक्त सीटचा पट्टा लोंबत होता. त्यांनी पट्टा धरला आणि त्यावर भार टाकला. पट्टा सरसर बाहेर आला.

"आरं धरा! धरा!"

भाऊजींनी दार सोडून काखेत हात घातले, कोणी कंबरेला धरलं, कोणी पायाला. पडले नाहीत, पण पुन्हा चौघांच्या हातावर होते, आणि टोपी चाकाखालच्या लिंबापाशी पडली होती. भाऊजींनी पाय बांधला होता. हात कोणी बांधला नव्हता. दौंडला प्रत्येक वेळी त्यांनी उजव्या हाताने दार धरलं होतं आणि मी पायाकडे बघत होते.

"सोडा," मालक म्हणाले.

कोणी सोडेना.

"सोडा म्हणतो ना!"

सोडलं. त्यांनी माझ्याकडून काठी घेतली आणि गाडीच्या पुढून वळसा घालत निघाले. सगळे बाजूला सरले. ते उजव्या बाजूला आले, ड्रायव्हरच्या दारापाशी. डाव्या हाताने दार उघडलं. सीटकडे पाठ केली. आता दार त्यांच्या डाव्या अंगाला होतं. दाराला धरून ते सावकाश टेकले, चांगला पाय आत घेतला, दुसरा डाव्या हाताने गुडघ्याखाली धरून उचलून आत ठेवला. स्टीअरिंगला पोट लागलं, पण बसले. कोणाचा हात लागला नाही.

गल्लीत टाळ्या वाजल्या. खरोखर वाजल्या. "ड्रायव्हर त्यो ड्रायव्हरच!" एक जोडीदार ओरडला. "दादा, सरकून बसा, मी बी येतो!" आत्याबाई डोळ्यांना पदर लावून ओवाळायला धावल्या. फोटो काढले. त्या फोटोत मालक हसताहेत. टोपी कोणीतरी झटकून परत डोक्यावर ठेवलेली आहे, थोडी तिरकी.

त्यांनी हॉर्न वाजवला. मग डावा हात खिडकीकडे वळवून भाऊजींपुढे पसरला.

"चावी दे."

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. चावी त्यांच्या खिशात होती. टाळ्या थांबल्या होत्या.

"अहो, पूजा राहिलीय अजून," मी म्हणाले.

पूजा झालेली होती. कपाळावर कुंकू, समोर फुटलेला नारळ, सगळं त्यांच्या पुढ्यातच होतं. हात थोडा वेळ तसाच राहिला. मग त्यांनी तो परत स्टीअरिंगवर ठेवला.

पुढचे काही आठवडे मी जे काही करता येईल ते केलं. क्रमाने सांगते.

उजव्या बाजूचं मागचं दार. तिथे डावा हात दाराला मिळतो. पण ह्या गाडीचं मागचं दार अरुंद आहे. मालकांचा पाय जेवढा वाकतो तेवढ्यात तो खांबाला अडतो. दोन वेळा करून बघितलं, दुसऱ्या वेळी नडगी सोलली. डाव्या खांबावर धरायला मूठ बसवून घ्यायची म्हटलं, तर शिरूरच्या गॅरेजवाल्याने नकार दिला. पट्ट्याचं यंत्र त्याच खांबात आहे, भोक पाडता येत नाही. मग खांबावर दाराची कडी जिथे बसते तिथे अडकवायची सुटी मूठ ऑनलाइन मागवली. ती चांगली निघाली. डावा हात तिच्यावर ठेवून मालक पुढच्या डाव्या सीटवर टेकले. पण त्या बाजूने आधी आत जायला लागतो तो निकामी पाय, आणि तो उचलणारा हात मुठीवर अडकलेला. मी खाली बसून पाय उचलला. पायाला झटका आला, तो ताठ झाला आणि डॅशबोर्डखाली आडवा अडकला. त्यांनी ओठ आवळून धरले होते. उतरायला पुन्हा भाऊजी लागले, शेजारचे लागले.

"बास," मालक म्हणाले. "आता न्हाई."

त्यांनी गाडी चालवायचा विचारही आम्ही केला. पुण्याच्या डॉक्टरांना फोनवर विचारलं, डाव्या पायाने चालेल अशी करून मिळते म्हणतात. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "ताटातली उजवीकडची भाजी ते खातात का?" मी फोन ठेवला. उजवीकडचं त्यांना पुरतं दिसत नाही. भाजी तशीच राहते, रोज.

माघात एकदा कंपनीच्या गेटबाहेर ती दुसरी गाडी उभी होती, डिकीवाली, टॅक्सीची पाटी लावलेली. मी ड्रायव्हरला म्हणाले, जरा मागचं उजवं दार उघडता का? काठी घरी होती, पण ती उंची आता माझ्या मांडीला पाठ आहे. मी टेकून बघितलं. मागची सीट पुढचीपेक्षा उंच, अगदी खुणेवर. दार कपाटासारखं उघडलेलं. उजवा पाय ताठ ठेवून मी वळले, कुठेही अडला नाही. ह्या वेळी उजवा हात मी पदरात धरून ठेवला होता.

"कुठं जायचंय, ताई?" ड्रायव्हरने विचारलं.

"कुठं नाही," मी म्हणाले.

हे मी घरी भाऊजींना सांगितलं. ते उठून दारातल्या गाडीचं मागचं दार उघडून बघून आले. मग म्हणाले, "आपली इकली तर किती तुटंल?" मी आधीच विचारून आले होते. रस्त्यावर एकदा आली की गाडी जुनी. आणि पैशाचं जमवलंच असतं तरी तोवर मालकांची टाच जमिनीला टेकेनाशी झाली होती. पाऊल पुढून खाली वळलंय. लोखंडी खुर्चीवरून उठतात, पण आता खुर्चीचा हात धरून, आणि किती वेळा उठले ते संध्याकाळी सांगत नाहीत. मीही विचारत नाही.

गाडी दारात आहे. मालक सकाळी ऊन आलं की पुढून वळसा घालून जातात आणि ड्रायव्हरच्या जागी बसतात. तेवढं अजून त्यांचं ते करतात. काच खाली. येणारे-जाणारे थांबतात, दुधाचा भाव, उसाची तोड, कोणाची सोयरीक, सगळं त्या खिडकीत बोललं जातं. कोणी नवखा म्हणतो, "निघालात का कुठं?" मालक म्हणतात, "व्हय, पॅसेंजर भरायची वाट बघतोय." हसतात. गाडी जागची हलत नाही म्हणून बॅटरी उतरते, तेव्हा ते दुपारी झोपले की भाऊजी ती चालू करून चौकापर्यंत नेऊन आणतात. मालकांना हे माहीत आहे. एकदा उठल्यावर म्हणाले, "सीट पुढं घेतलीस का रं? माझी होती तशी ठेवत जा."

डॉक्टरांनी सांगितलेले महिने आता सरले. दौंडच्या बाईंनी परवा स्वतः फोन केला. मी शिफ्टवर होते, उचलला नाही. त्यांनी निरोप पाठवला, "तुमची सकाळची वेळ अजून ठेवली आहे. दुसरे पेशंट थांबलेत. येणार नसाल तर कळवा."

कळवायला हवं. कोणाचीतरी वेळ आपण अडवून ठेवायची नाही, हे मला समजतं. रोज सकाळी कामं लिहिताना पहिलं हेच लिहिते: दौंडला फोन, वेळ सोडायची. संध्याकाळी बाकीच्या कामांवर रेघ मारते आणि हे उद्याच्या पानावर उतरवते. आजही उतरवलं आहे.